पहिल्या लांब फेरीआधी

प्रिय दोस्ता,

ट्रक हाकायला तुला येतं, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. लिहितोय ते गाडी उभी असताना करायच्या कामांबद्दल आणि उताराबद्दल. नवीन ड्रायव्हर अडकतो तो बहुतेक इथेच.

निघण्याआधी अर्धा तास राखून ठेव. ऑइल आणि कूलंट (इंजीन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) इंजीन थंड असतानाच बघ. गरम रेडिएटरचं झाकण उघडलंस तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. मग गाडीभोवती फेरी मार, रोज एकाच दिशेने, म्हणजे काही सुटत नाही. चाकाच्या नटाखाली गंजाचा ओघळ दिसला तर नट सैल झाल्याचा संशय घे आणि पाना लाव. हवासुद्धा टायर थंड असतानाच मोज. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडलीस तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. मागच्या जोडचाकांतला (एका बाजूला शेजारी-शेजारी बसवलेली दोन चाकं) आतला टायर तपासायचा हमखास राहतो. त्यात हवा कमी असली की बाहेरच्यावर जादा भार येतो, आतला वाकून वाकून तापतो आणि दोन्ही फुटायच्या वाटेवर लागतात. लाथ मारून हवा ओळखणारे पुष्कळ भेटतील. तू गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, वापर.

एअर ब्रेकचं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं, प्रेशर पूर्ण भरू दे. चाकांखाली ठोकळे लाव, इंजीन बंद कर, हँडब्रेक सोड आणि पेडल मिनिटभर दाबून धर. दाबताक्षणी काटा थोडा उतरतोच, तो धरू नकोस; त्यानंतर मिनिटभरात पाव बारपेक्षा (बार हे दाबाचं माप) जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत निघू नकोस, मालक कितीही घाई करो. एअर टँकमधलं पाणीही काढत जा. थंडीत ते व्हॉल्व्हमध्ये गोठतं. पाण्याबरोबर तेल जास्त येत असेल तर कॉम्प्रेसर झिजतोय.

माल हादऱ्यांनी बसतो आणि तो बांधलेले पट्टे सैल पडतात, म्हणून पहिल्या 50 ते 80 किमीत थांबून ते पुन्हा ताण. चाक बदललं असेल तर नटही साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा आवळ.

आता उतार. गिअर उतार लागण्याआधी टाकायचा. अर्ध्या उतारावर खालचा गिअर शोधायला गेलास आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्येच सुटली. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं तर शुद्ध मूर्खपणा: आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजीन चालू ठेवायला ते जळत राहतं. ब्रेकवर पाय ठेवून घसटत उतरू नकोस. चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्यावर घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरपासून लांब जातो, आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. समज, ताशी 40 किमी हा तुझा सुरक्षित वेग आहे. काटा 40 ला आला की ब्रेक ठामपणे दाबून 30 वर आण, मग पाय पूर्ण उचल. पुन्हा 40 झाले की पुन्हा तसंच. रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तेव्हा मात्र इंजीन ब्रेक (इंजिनाच्याच ओढीने गाडी धरणं) जपून, मागची चाकं घसरतात. लायनर जळाल्याचा वास आला तर सपाट जागी थांब, गिअरमध्ये टाकून ठोकळे लाव. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नकोस, तडकतो.

झोपेचं गणित सरळ आहे. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला की जवळजवळ 90 मीटर कोणीच चालवत नसतं. पहाटे दोन ते पाच ही सर्वांत वाईट वेळ. काच उघडणं, गाणी लावणं, याने काहीच भागत नाही. कॉफीचा असर व्हायला 20-30 मिनिटं लागतात, म्हणून आधी कॉफी घे, लगेच 20 मिनिटं झोप, आणि उठल्यावर थोडं चालून मगच स्टिअरिंग धर.

मालासकट गाडीची उंची कागदावर लिहून समोर चिकटव, कमी उंचीच्या पुलाखाली ती लागते. रिव्हर्स घेताना शंका आली तर उतरून बघ, लाज वाटू देऊ नकोस. लांब चढ चढून आल्यावर लगेच इंजीन बंद करू नकोस. दोन-तीन मिनिटं तसंच चालू दे, नाहीतर तापलेल्या टर्बोतलं (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यातलं) ऑइल जागच्या जागी जळतं.

तुझा,
एक जुना ड्रायव्हर