‘पोरं कामच करत नाहीत’ म्हणणाऱ्या सुपरवायझरसाठी

‘दिवसभर ओरडायलोय, पण पोरं काही मनावर घेईनात. घरी गेलो की लेकरांवर राग निघतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.’ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांतून समुपदेशनाला येणाऱ्या सुपरवायझरांची ही तक्रार थोड्याफार फरकाने सारखीच असते. इथे ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लाइन सांभाळतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लाइनवर अकरा जण. चार जुने ऑपरेटर आणि सात कंत्राटी ट्रेनी, बहुतेक पैठण, गंगापूर, वैजापूरकडचे. शिफ्टचं टार्गेट ४८० नग, निघायचे ३७० ते ३८०.

‘या अकरा जणांपैकी उद्या कोण कसं काम करेल, हे आजच सांगता येईल का?’ असं विचारल्यावर त्यांनी एका दमात वाटणी करून दिली. चौघे कामाचे, सात जण नुसते हजेरी लावणारे. सातांतले दोघे तर लाइनवर येऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांच्याबद्दल एवढी खात्री कशावरून? उत्तर आलं, ‘गाव नि आडनाव कळलं की अंदाज येतोच की.’

हे उत्तर बाजूला सारून पुढे जाता येत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर झालेली नसताना तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. सगळ्यांदेखत नाव, गाव, जात पुकारल्यावर खालच्या मानलेल्या जातींतली मुलं लगेच मागे पडली. मुलं तीच, कोडी तशीच. आपल्याबद्दल समोरच्याने काय ठरवून ठेवलंय हे माणसाला कळतं आणि त्याचा हात आखडतो. कारखान्यात कुणी जात पुकारत नाही. ‘त्या तालुक्याचीच पोरं तशी’ एवढं वाक्य त्याच कामाला पुरतं.

अपेक्षेचा परिणाम होतो हे १९६८ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांच्या शाळेतल्या प्रयोगाने गाजलं. सुमारे २० टक्के मुलांची नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून शिक्षकांना सांगितलं, की ही मुलं यंदा चमकणार. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली तशी मुलं खरोखर पुढे गेलेली दिसली. वरच्या वर्गांत मात्र फारसा फरक नव्हता. या प्रयोगातल्या मोजमापावर तेव्हाच कडक टीका झाली आणि पुढच्या अभ्यासांतून परिणाम खरा पण बहुधा लहान असल्याचं दिसलं. मोठ्या माणसांवरचा दाखला १९८२चा आहे. इस्रायली लष्करातल्या १०५ प्रशिक्षणार्थींपैकी ज्यांच्याबद्दल प्रशिक्षकांना ‘यांच्यात दम आहे’ असं सांगितलं होतं, तेच पुढे सरस ठरले. पण नुसतं ‘पॉझिटिव्ह विचार ठेवा’ असं सांगून कुणाला परत पाठवण्यात अर्थ नसतो. अपेक्षा मनात असते, पण लाइनवर ती चार वाटांनी उतरते: बोलण्यातला सूर, किती शिकवलं, किती संधी दिली, आणि चुकल्यावर वा जमल्यावर काय सांगितलं.

या सुपरवायझरांना त्याच चार रकान्यांचा एक कागद करायला सांगितला. सहा दिवस, प्रत्येक चहाच्या सुट्टीत आणि शिफ्ट संपताना, अकरा नावांपुढे खुणा करायच्या. आठवून नंतर भरायचा नाही. आठवणीतून भरलेला कागद आपल्याच बाजूने बोलतो. आठवडाभराने कागद आला तेव्हा चौघांपुढचे शिकवण्याचे आणि संधीचे रकाने भरलेले होते. सातांपुढे खुणा जवळपास एकाच जागी होत्या: नग रिजेक्ट झाला तेव्हा. त्यांच्या वाट्याला पॅकिंग, बर (नगाच्या कडेला राहिलेले धारदार कंगोरे) काढणं, ट्रॉली ओढणं. मशीनला हातच लागत नाही, मग हात बसणार कधी?

त्याच कागदातून गेजची, म्हणजे माप तपासायच्या साधनाची, भानगड बाहेर आली. एका ट्रेनीच्या हातून पुढे गेलेले नग भोकात बुश (छोटी नळी) दाबताना अडकायचे आणि रोज बोलणी त्यालाच बसायची. सुपरवायझर पहिल्यांदाच शेजारी दहा मिनिटं उभे राहिले, तर पोरगा प्लग गेजचं (भोकाचं माप तपासायच्या दांडीचं) ‘गो’ टोक अंगठ्याने जोर लावून भोकात घुसवत होता. ‘गो’ टोक फडक्याने पुसून सरळ धरायचं, ते स्वतःच्या वजनाने किंवा अगदी हलक्या हाताने आत गेलं पाहिजे. दाबून घातलं तर लहान राहिलेलं भोकही ‘ओके’ वाटतं आणि नग पुढच्या स्टेशनवर अडकतो. ‘जोर लावायचा नाही’ हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही त्याला कोण शिकवतो? आणि न शिकवल्याने जे चुकतं, ते ‘बघा, म्हणलो नव्हतो का’ याचा पुरावा होऊन बसतं.

टार्गेटचा हिशेब मात्र अपेक्षेच्या पलीकडचा निघाला. आठ तासांची ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची १०-१० वजा केली की उरतात ४३०. एका नगाला ५५ सेकंद. म्हणजे एकदाही मशीन न थांबता, टूल न बदलता, जास्तीत जास्त ४६९. मिनिटाला एक नग हा हिशेब कुणीतरी सुट्ट्या न धरताच लावला होता. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ साली मांडलेली बाब इथे उपयोगी पडते. माणूस तीन गोष्टी जोखतो: मेहनत केली तर जमेल का, जमलं तर काही मिळेल का, आणि जे मिळेल ते मला हवं आहे का. यांतलं एकही उत्तर ‘नाही’ आलं की जोर ओसरतो. पोरं आळशी आहेत असं ठरवण्याआधी नेमकं कुठलं उत्तर ‘नाही’ आहे ते शोधायचं. ४८० कधीच निघणार नाहीत हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. सुपरवायझर हा हिशेब घेऊन प्रॉडक्शन मॅनेजरकडे गेले. कागदावरचा आकडा तसाच राहिला, पण लाइनवर तासाला ५८ नग, म्हणजे शिफ्टला ४१५च्या आसपास, असं ठरवायची मुभा मिळाली.

दुसरं उत्तर ट्रेनींनीच दिलं: ‘जास्त काढले काय नि कमी काढले काय, पगार तेवढाच. मुदत संपली की गेटबाहेर.’ ते खोटं नव्हतं, आणि पगार सुपरवायझरांच्या हातात नव्हता. त्यांच्या हातात काय होतं? कोणाला कुठलं मशीन शिकवायचं, कोणाचं नाव पुढच्या कामासाठी सुचवायचं, आणि रजा. पेरणीला किंवा पोळ्याला गावी जायला मिळेल का हे पंधरा दिवस आधी कळणं, ही शेतकऱ्याच्या पोराला ‘शाब्बास’पेक्षा मोठी गोष्ट वाटते. रजेचा तक्ता भिंतीवर लागला, तेव्हापासून न सांगता होणाऱ्या दांड्या कमी झाल्या.

काम वाटतानाचं बोलणं आम्ही अक्षरशः घोकून घेतलं: ‘हे काम सोपं नाही. तुला देतोय, कारण परवा नग पकडायचं फिक्स्चर बसवताना तू न सांगता धातूचा कीस पुसलास. आज ३०च नग काढ, पण सगळे गेजला बसले पाहिजेत. अडलास तर मशीन थांबव नि मला हाक मार.’ यात आधी पाहिलेली खरी गोष्ट आहे, आकडा आहे, आणि चुकायला जागा आहे. यातलं पहिलं गाळलं की सगळं कोरडं पडतं. पहिल्या आठवड्यात तसंच झालं. साहेब उठसूट प्रत्येकाला ‘एक नंबर’ म्हणायला लागले आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुरावा नसलेलं कौतुक लगेच ओळखू येतं.

जुन्या चौघांची नाराजी हे दुसरं दुखणं. ‘आता आम्हाला विचारायलाच नको का, साहेब?’ असं एकाने तोंडावर विचारलं. त्याच्याकडे दोन ट्रेनी शिकवायला सोपवले आणि रोजची पंधरा मिनिटं त्यासाठी अधिकृतपणे मोकळी ठेवली. आपल्या कामातून वेळ काढून शिकव म्हटलं असतं, तर त्याने ते शिक्षा म्हणूनच केलं असतं.

लाइनचा एकच एकत्र आकडा ठेवणंही बदललं. रिंगलमान या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढायला लावून मोजलं होतं. माणसं वाढतात तसा माणशी जोर घटतो, आठ जणांत प्रत्येकाचा निम्म्यावर येतो. काही भाग ओढ एका वेळी न बसल्याचा, काही भाग ‘माझं कोण बघतंय’ याचा. म्हणून दर तासाला प्रत्येक स्टेशनचे नग बोर्डावर लिहायला सांगितले. नावं लिहायची नाहीत, क्रमवारी लावायची नाही. सगळ्यांदेखत शेवटचा ठरलेला पोरगा सुधारत नाही, तो नोकरी बदलतो.

दीडेक महिन्यात नग ४०० ते ४१०वर स्थिरावले. तरी दोघे सोडून गेलेच. शेजारच्या कंपनीत जास्त पैसे मिळत होते आणि त्यांना अडवण्यासारखं लाइनवर काही नव्हतं. सुपरवायझरांची झोप बरीच सुधारली, रागावरचं काम अजून चालू आहे.

एक ट्रेनी मात्र काही केल्या हलेना. मशीन दिलं, शेजारी उभे राहिले, तरी दुपारनंतर हात मंदच. त्याला बाजूला घेऊन, बोर्डाचा विषय न काढता, ‘घरी सगळं ठीक आहे का? झोप होते का?’ एवढंच विचारायला सांगितलं. वाळूजजवळच्या रांजणगावात खोली घेऊन राहणारा हा पोरगा रात्री एका गोडाउनवर वॉचमन म्हणून जात होता. बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं, झोप चार तास. इथे कुठलीही अपेक्षा कामी येत नाही. बरच्या कामावर झोपेत हात जाण्याचा धोका होता, म्हणून आधी त्याला गेजिंगला बसवलं. कंत्राटदाराकडून थोडी उचल मिळते का, याची बोलणी आता चालू आहेत.