रात्री ओट्यापाशी उभं राहायचं नसेल तर दहीभात करा, पण दही कधी घालायचं ते कळलं पाहिजे

तुम्ही विचारलंय की नवी मुंबईत ऐरोलीला वरच्या मजल्यावर घर आहे, संध्याकाळी सातनंतर स्वयंपाकघरात थांबवत नाही, दोघंही साडेसातला कामावरून येता, मुलगी आठ वर्षांची आहे. तर रात्रीसाठी सोपं, थंडावा देणारं आणि रोज वेगळं असं काय करावं? एकाने तुम्हाला दहीभात सुचवला आणि लगेच दुसऱ्याने लिहिलं की दहीभात म्हणजे आजाऱ्याचं जेवण, आणि रात्री दही खायचंच नसतं. हे वाचून मला गप्प बसवेना. मी ठाण्यात, नौपाड्यात घरगुती डबे देते, आणि एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे रात्रीच्या डब्यात सगळ्यात जास्त मागणी दहीभातालाच असते.

आधी आपल्याकडच्या उकाड्याबद्दल. ठाणे, नवी मुंबई म्हणजे खाडीकाठ. पारा ३४-३५ वरच असतो, पण हवा दमट, घाम वाळत नाही, रात्रीही भिंती निवत नाहीत. विदर्भातल्या कोरड्या उन्हात भाकरी वाळते, इथे भात आंबतो. म्हणून तिकडच्या युक्त्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. बारा पोळ्यांना तवा अर्धा तास तापतो आणि त्या अर्ध्या तासात तुमचं स्वयंपाकघर झोपेपर्यंत पुरेल इतकं तापतं. मे महिन्यात रात्री ताज्या पोळ्या करू नयेत हे माझं स्पष्ट मत आहे. हव्याच असतील तर सकाळच्या ठेवा.

आता रात्रीच्या दह्याचं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात जाऊबाई साताऱ्याहून आल्या होत्या. सकाळी आठला मी गरम भातात दूध-दही कालवलं, झाकण ठेवलं, पातेलं ओट्यावरच राहिलं. रात्री साडेआठला वाढला तेव्हा भात आंबट आणि घट्ट झाला होता. जाऊबाईंना रात्रभर छातीत जळजळ. तेव्हापासून आमच्याकडे "रात्री दही नको" हे वाक्य ऐकू येतं. पण त्या दिवशी बिघडलं ते वेळेमुळे. या हवेत दूध विरजायला तीन-चार तास पुरतात, पुढचे आठ तास ते नुसतं आंबत गेलं. त्यात भात गरम असताना झाकलेला. मोठ्या पातेल्यात मधला भात कितीतरी तास कोमट राहतो. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते कुकरमध्येही तगून राहतात आणि कोमट ओल मिळाली की वाढतात. त्यांनी केलेलं उलटीचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्र असो की दुपार, असा भात कधीही बाधेल.

चरकसंहितेत रात्री दही खाऊ नये असं आहे, हे खरं. पण तिथेच पुढे तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्याशिवाय खाऊ नये, गरम करूनही खाऊ नये, असंही आहे. शिवाय ग्रीष्मात दही एरवीही चांगलं मानलेलं नाही. ज्यांना पाळायचं त्यांनी सगळं पाळावं. मग मेच्या दुपारी श्रीखंडही बंद, आणि ताक प्यावं. अर्धाच नियम उचलून फक्त दहीभाताला नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

तर कृती. तीन माणसांना एक वाटी तांदूळ, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. कोलम घ्या. वाड्याचा कोलम मिळाला तर उत्तम, वाडा आता पालघर जिल्ह्यात असला तरी २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. बासमती अजिबात नको, तो मोकळा राहण्यासाठीच असतो आणि दहीभाताला आसट भात लागतो. एक वाटीला तीन वाट्या पाणी, तांदूळ जुना असेल तर वर अर्धी वाटी. चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक गॅस. हे सकाळी, डबे भरता भरता.

कुकर उघडला की भात गरम असतानाच डावाच्या पाठीने घोटायचा. ही पायरी लोक चुकवतात. भात निवला की त्यातला पिठूळपणा आवळतो, मग कितीही घोटा, कण्या होतात. घोटून झाला की परातीत दोन बोटं जाडीचा पसरून पंख्याखाली ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांत निवतो. मग त्यात एक वाटी तापवून गार केलेलं दूध मिसळा, डब्यात भरा आणि फ्रीजमध्ये. शिजल्यापासून तासाच्या आत तो फ्रीजमध्ये गेला पाहिजे. सकाळी दही नाही, मीठ नाही, फोडणी नाही.

रात्री घरी आल्याआल्या डबा बाहेर काढा. तुमचं हातपाय धुऊन होईपर्यंत वीस मिनिटं जातात, तेवढ्यात भात सैल होतो. गारठलेला भात फ्रीजमधून थेट वाढला तर टाळूला टोचतो आणि चवही लागत नाही, जीभ बधिर होते. आता अर्धी वाटी गोड दही, पाऊण चमचा मीठ, आणि घट्ट वाटला तर आणखी अर्धी ते एक वाटी गार दूध. वाटतो त्यापेक्षा सैल ठेवा, ताटात वाढेपर्यंत भात दूध पितो. दुधाच्या निम्म्याहून जास्त दही नको, हे प्रमाण सोडू नका. नुसत्या दह्यात कालवलेला भात पहिल्या चार घासांनंतर आंबट लागायला लागतो.

फोडणी तेलाची, तुपाची नाही. गरम दहीभाताला तूप शोभतं, पण गार भातात ते थिजतं आणि त्याचे पांढरे कण टाळूला चिकटतात. दोन चमचे शेंगदाण्याचं तेल, मोहरी, जिरं, एक चमचा उडीद डाळ तांबूस होईपर्यंत, हिंग, कढीपत्ता, शेवटी अर्धा इंच किसलेलं आलं. हळद नको. गॅस एकूण तीन मिनिटं पेटतो. फोडणी पाच मिनिटं निवू द्या आणि मगच घाला. चरचरती घातली तर दही फुटतं आणि भाताला पाणी सुटतं. सांडगी मिरची त्याच तेलात आधी तळून बाजूला ठेवायची आणि प्रत्येकाने आपापल्या ताटात चुरायची, आधी घातली तर दहा मिनिटांत लिबलिबीत होते. मुलीसाठी मिरचीऐवजी डाळिंबाचे दाणे आणि चिमूटभर साखर. काकडी घालणार असाल तर तिची फोड आधी चाखून पाहा, एका कडू काकडीने अख्खं पातेलं वाया जातं. काकडी कालवायची ती वाढताना.

दही घरचंच हवं, आणि त्याचीही वेळ असते. अर्धा लिटर दुधाला हिवाळ्यात आपण चमचाभर विरजण लावतो, मेमध्ये पाव चमचा पुरतं. दूध कोमटही नको, हाताला गारच लागलं पाहिजे. रात्री अकराला लावून पहाटे उठल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका. आठपर्यंत बाहेर राहिलं तर आंबट होतं, वर पिवळसर पाणी येतं, कधी तार येते. मातीच्या कुंड्यात लावलं तर जास्तीचं पाणी माती शोषते, दही घट्ट होतं आणि गारही राहतं.

दुसरा पदार्थ दडपे पोहे, यात फोडणीपलीकडे गॅसच नाही. पातळ पोहे दोनशे ग्रॅम तिघांना पोटभर होतात. आपल्या दमट हवेत पोहे सादळलेले असतात, तेव्हा सकाळी खिडकीतल्या उन्हात तासभर ठेवून मग डब्यात घट्ट बंद करा. रात्री एक मोठा कांदा बारीक चिरून, अर्धी काकडी चोचवून, एक वाटी खोवलेलं ओलं खोबरं, दोन चमचे कैरीचा कीस, मिरची, मीठ, चमचाभर साखर हे सगळं हाताने चुरा. त्याला जे पाणी सुटतं त्यातच पोहे भिजले पाहिजेत. कोरडे वाटले तरच नारळाचं पाणी किंवा ताक चमच्याने शिंपडा, पाच-सहा चमच्यांपुढे जाऊ नका, नाहीतर लगदा होतो. वर हळद-हिंगाची निवलेली फोडणी, मग पोहे हाताने दाबून सारखे करा, त्यावर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. पंधरा मिनिटं. हे दडपणं टाळलं तर नावालाच दडपे पोहे. शेंगदाणे आणि भाजलेला पापड वाढताना, आधी नाही. उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, ओलं खोबरं दह्याच्या आधी आंबतं.

याच कारणाने सोलकढी आणि कोळाचे पोहे मी रात्री लागेल तेवढेच करते. कोळाचे पोहे कोकणात दिवाळीत करतात, पण मला ते मेमध्ये जास्त आवडतात. एका नारळाचं अडीच वाट्या दूध, दोन चमचे चिंचेचा घट्ट कोळ, दोन चमचे गूळ, मीठ, मिरची, गार फोडणी, आणि वाढायच्या पाच मिनिटं आधी धुऊन निथळलेले जाडे पोहे. नारळाचं दूध काढल्यापासून दोन तासांत संपवायचं. एवढंच लक्षात ठेवा, बाकी त्यात चुकण्यासारखं काही नाही.

दहीभातासोबत तोंडी लावायला आंबेडाळ करा, म्हणजे डाळही पोटात जाते. चैत्राच्या हळदीकुंकवाला हरभऱ्याची करतो ती कच्ची असते आणि रात्री जड पडते, म्हणून मी मुगाची घेते. एक वाटी डाळ तीन-चार तास भिजवायची. तुम्ही कामावर जाणार तर भिजवलेलं भांडं फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर दहा तासांत तिला वास येतो. पाणी पूर्ण निथळून, वाटताना थेंबभरही पाणी न घालता भरड वाटा, त्यात अर्ध्या कैरीचा कीस, मीठ, साखर, फोडणी. कैरी ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा तुमच्याकडे ऐरोलीच्या बाजारात मार्चपासून मिळते. घट्ट हिरवी घ्या, आतून पिवळी पडलेली आंबट लागत नाही.

नाचणीची आंबील आठवड्यातून एकदा. तीन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, पाच-सहा मिनिटं ढवळत शिजवा. निवल्यावर ती दुपटीने घट्ट होते म्हणून पातळच उतरवा. ताक, मीठ, ठेचलेली लसूण पूर्ण गार झाल्यावर. मासे खात असाल तर तांदळाची पेज सकाळीच करून वरच्या भातासारखीच पटकन निववून फ्रीजमध्ये, आणि रात्री सुका जवळा कोरडाच पाच मिनिटं भाजून त्यात कांदा, मिरची, लिंबू.

"रोज वेगळं" या तुमच्या अटीवर मात्र मी अडते. रोज वेगळं करायचं म्हणजे रोज नवी तयारी, आणि त्या तयारीसाठी पुन्हा तुम्हीच तापलेल्या ओट्यापाशी. तीन दिवस दहीभात, दोन दिवस पोहे, एक दिवस आंबील किंवा पेज, एक दिवस सकाळच्या पोळ्या आणि कोशिंबीर. सोबतीला बदल करा: लोणचं, मेतकूट, आंबेडाळ, पन्हं. मुलं तेच ते खाऊन कंटाळतात असं मोठी माणसंच म्हणतात. माझ्याकडे डबा घेणारी मुलं दहीभात चुकला की विचारतात.

काही गोष्टी मात्र सांभाळा. घरात कुणाला मधुमेह असेल तर एवढा आसट भात साखर पटकन वाढवतो, त्यांना भात निम्मा आणि आंबेडाळ, काकडी जास्त द्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सांडगी मिरची, पापड, लोणचं आणि वरचं मीठ बंद. दूध पचत नसेल तर भातात दुधाच्या जागी पाणी घालून ठेवा आणि रात्री ताजं ताक. मेमध्ये वीज जाते, फ्रीज चार तासांहून जास्त बंद राहिला असेल तर भात चाखूनही पाहू नका, टाकून द्या.

आणि रात्री दही नकोच असं घरात कुणी ठाम म्हणत असेल तर त्यांच्यासाठी ताकभात. तोच घोटलेला भात, एक भाग दही आणि तीन भाग पाणी घुसळून लोणी काढलेलं ताक, जिरेपूड, सैंधव. जाऊबाई अजूनही तोच खातात. उद्यापासून सुरू करायचं असेल तर आज रात्री अकराला दूध गार आहे ना ते बोट लावून पाहा आणि पाव चमचा विरजण लावा.