मणक्यात गॅप आहे म्हणून आईला झोपवून ठेवू नका

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५२, पंचवीस वर्षं विड्या वळतायत, दोन महिन्यांपासून कंबर दुखतेय, एमआरआयमध्ये एल ४-एल ५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधी, डिस्क बल्ज आलाय आणि घरातले सगळे म्हणतायत मणक्यात गॅप पडलाय, महिनाभर पडून राहा नाहीतर ऑपरेशन. मी डॉक्टर नाही भाऊ, पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर २२ वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो, सुताचा बीम उचलताना दोनदा कंबर धरली, आणि माझ्याही रिपोर्टवर हेच लिहिलेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तो गॅप शब्द डोक्यातनं काढा. कमरेत ५ मणके, दोन मणक्यांच्या मधी गादी, तीच डिस्क, बाहेरनं चिवट कडं आणि आत जेलीसारखा गर. वयानं त्यातलं पाणी कमी होतं, गादी बसते, म्हणजे दोन मणक्यातलं अंतर वाढत नाही, उलट कमी होतं, आणि गादी कडेनं थोडी फुगते त्याला बल्ज म्हणतात. २०१५ साली बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तर ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा पन्नाशीतल्या साधारण ६० टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये बल्ज निघाला, विशीतल्यांत पण ३० टक्के! केस पांढरे होतात तसंच आहे हे. रिपोर्ट वाचून मी सहा महिने नातवाला उचललं नाही, त्या भीतीनंच पाठ जास्त आखडली माझी.

मग दुखतं कशानं? मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली, हजार विड्या होईपर्यंत तीच बैठक. स्नायू थकतात, मणक्यांना बांधणारे पट्टे ताणून राहतात. आणि गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, हालचालीनं दाब कमीजास्त होतो तेव्हा तिला खाणंपिणं नीट पोचतं, म्हणजे एकाच जागी बसून तिची उपासमार. त्यात झोप नाही, घरचं टेन्शन, मग तेवढीच कळ दुप्पट लागते. हे मनाचे खेळ नाहीत, दुखणं खरंच असतं.

आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणसाला पाय लावायला बोलवतात. माझ्यासाठी पण आईनं बोलवलेलं, आणि तिसऱ्या दिवशी उतरली. पण उसण बऱ्याचदा काही दिवसात आपोआपच उतरते, आणि नवीन कंबरदुखी बहुतेकांची दीड महिन्यात खूप कमी होते, मग त्या आठवड्यात जे केलं त्याला श्रेय मिळतं, कमरेचा पट्टा असो नाहीतर मालिश. आईंना दोन महिने झालेत म्हणजे वेळ जास्त लागतोय, पण म्हणून ऑपरेशनच असं नाही.

झोपून राहणं मात्र खरंच नको, स्नायू आणखी ढिले पडतात. अर्ध्या तासानं सूप खाली ठेवून उठायचं, चार पावलं चालायचं, भिंतीला टेकून पाट घेऊन बसायचं, पाय बदलायचे. सकाळी उठल्या उठल्या वाकून झाडू मारायचा नाही, रात्रभर मणक्याच्या गादीत पाणी भरून ती टम्म असते, तासभर थांबा. संध्याकाळी थोडं थोडं वाढवत चालणं, आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टकडनं बघून घ्या, मोबाईलवर बघून नको.

पण हे नीट वाचा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, पाऊल लुळं पडायला लागलं तर रात्रीचे दोन वाजले तरी सिव्हिलला न्या, तिथं तास मोजले जातात. आणि ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याचा टीबी वगैरे तपासायला सांगा, पडल्यानंतर सुरू झालं असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

आता मला एवढं कळवा, कळ कमरेतच राहते का गुडघ्याखाली पायात उतरते, खोकल्यावर वाढते का, आणि चालल्यावर बरं वाटतं का बसल्यावर? त्यावरनं नस दबलीय का याचा अंदाज येतो, डॉक्टरला पण हेच आधी सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा.