पाश्चात्त्य अभिजात संगीतातले शब्द कसे शिकावेत? पेटी थोडीफार येते, पण सोनाटा, ओपस, अलेग्रो दिसलं की गोंधळ उडतो.

पेटी येते म्हणता, मग अर्धं काम झालेलंच आहे. मीही पेटीवरूनच इकडे आले. नागपुरात सदर भागात एका बाईंकडे पियानो शिकायला लागले तेव्हा वय चाळिशीचं, शेजारी आठ-नऊ वर्षांची पोरं. मी वहीत शब्दांची यादी उतरवून अर्थ पाठ करायची. दोन महिन्यांत सगळं विसरले. यादी करू नका.

एकच रचना घ्या आणि तिचं नाव सोडवा. मी बीथोवेनची 'मूनलाइट' घेतली. पूर्ण नाव: पियानो सोनाटा क्रमांक १४, सी शार्प मायनर, ओपस २७ क्रमांक २. ('मूनलाइट' हे लोकांनी मागाहून चिकटवलेलं.) सोनाटा म्हणजे इटालियनमध्ये 'वाजवलेलं', तसं कंटाटा म्हणजे 'गायलेलं'. ओपस म्हणजे कृती. बहुधा प्रकाशनाचा क्रमांक. २७ मध्ये दोन सोनाटा आहेत, त्यातली ही दुसरी.

आता सी शार्प. ही आपली काळी एक. साथीदार 'पट्टी कोणती?' विचारतो ना, तीच ही 'की'. मायनर म्हणजे ग, ध, नी कोमल, आपला आसावरी थाट. नी मात्र मधूनमधून शुद्ध होतो, तेव्हा किरवाणीचा भास होतो. दुसऱ्या भागावर डी फ्लॅट मेजर लिहिलेलं पाहून मला वाटलं, पट्टी बदलली. घरी पेटी काढली तर बाप्पा, तीच काळी एक! पांढरी एक चढवली की सी शार्प, पांढरी दोन उतरवली की डी फ्लॅट. सा जागचा हललाच नाही, आसावरीचा बिलावल तेवढा झाला, म्हणजे सगळे स्वर शुद्ध. मेजर म्हणजे हेच. बाई महिनाभर हेच सांगत होत्या, डोक्यात शिरलं ते पेटीवर.

भागांवरच्या अडाजिओ, अलेग्रेट्टो, प्रेस्टो या शब्दांना विलंबित, मध्य, द्रुत म्हणायचा मोह होईल. काम भागतं, पण पुरतं नाही. अलेग्रोचा मूळ अर्थ जलद नाही, आनंदी. आणि आंदांते म्हणजे चालत: संध्याकाळी फुटाळा तलावावर फिरणाऱ्याची चाल, बर्डीच्या बाजारात गर्दीतून वाट काढणाऱ्याची नव्हे.

हार्मनीला, म्हणजे अनेक स्वर एकदम वाजवण्याला, मात्र आपल्याकडचा जोड शब्द शोधू नका. काळी एकला सा धरून सा-ग-प एकदम दाबा, मग फक्त ग कोमल करून पुन्हा दाबा. मेजर आणि मायनर कानालाच कळतील. लगेच 'मूनलाइट' लावा. सुरुवातीला उजव्या हाताचे जे तीन-तीन स्वर येतात ते प, सा, कोमल ग आहेत.