लिनक्स घातलेला लॅपटॉप घेताना

पहिल्यांदाच लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घातलेला लॅपटॉप घेत असाल, तर पाटीवर ‘उबुंटू’ (लिनक्सचा एक प्रकार) लिहिले आहे एवढ्यावर विसंबून पैसे मोजू नका. कंपनीने यंत्रातील प्रत्येक भागासह तपासून दिलेली प्रणाली आणि केवळ विंडोजच्या परवान्याचा खर्च वाचवण्यासाठी घातलेली प्रणाली यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. डेलने २०१२ मध्ये उबुंटूसह आणलेला एक्सपीएस १३ आणि लेनोवोने २०२० पासून फेडोरासह (लिनक्सचाच दुसरा प्रकार) दिलेले काही थिंकपॅड ही पहिल्या प्रकारची उदाहरणे आहेत. उबुंटूमागील कॅनॉनिकल कंपनी प्रमाणित यंत्रांची यादी प्रसिद्ध करते. तीत पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवून पाहा, कारण एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये वाय-फायची चिप वेगळी असू शकते.

माझ्या पहिल्या लॅपटॉपचे झाकण मिटून उघडले की वाय-फाय नाहीसे होई आणि प्रत्येक वेळी यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. म्हणून दुकानातच झाकण मिटून उघडून पाहा, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा देऊन वाय-फायची चिप कोणाची आहे ते वाचा. शक्यतो इंटेलची घ्यावी, असे माझे मत आहे; तिचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे सॉफ्टवेअर, लिनक्सच्या कर्नेलमध्येच (प्रणालीच्या गाभ्यातच) असतात. बोटांचे ठसे वाचणारे बटण मात्र चालेलच, असे गृहीत धरू नका.