हिवाळ्यातला मोठा तलाव, गळ आणि बर्फ: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न थंडीतल्या मासेमारीचे आहेत, त्यातले पाच घेतोय. बर्फावरचा प्रश्न तिसरा आहे, पण ज्यांना येत्या आठवड्यात गोठलेल्या तलावावर जायचंय त्यांनी तोच आधी वाचा.

प्रश्न: दादा, उन्हाळ्यात ज्या जागी हमखास मासे लागतात तिथेच आता दिवसभर बसलो तरी आमिषाला कोणी तोंड लावत नाही. मासे थंडीत खात नाहीत का?

खातात, पण कमी खातात आणि दुसरीकडे खातात. माशाचं अंग पाण्याइतकंच थंड असतं, त्यामुळे पाणी १० अंशांनी उतरलं की त्याचं पचन, श्वास, हालचाल सगळं साधारण निम्म्यावर येतं, मग त्याला भूकच तेवढी लागत नाही. कार्प, बास हे उबदार पाण्यातले मासे तर एका जागी थव्याने जवळजवळ पडूनच राहतात. पण ट्राउट, पाइक, पर्च, वॉलआय हे थंडीतही फिरतात, आणि बरबॉट तर बर्फाखालीच अंडी घालतो. म्हणजे हिवाळ्यात पहिला प्रश्न ‘कुठे’ हा नाही, ‘कोणता मासा’ हा आहे.

आता जागा. गोडं पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे बर्फाला लागून पाणी ० च्या आसपास आणि तळाशी त्यातल्या त्यात उबदार. लहान तलावात हा फरक चांगला जाणवतो. मोठ्या तलावात मात्र गोठायच्या आधी वारा आठवडेच्या आठवडे पाणी ढवळत असतो, सगळंच पाणी ४ च्या खाली गेलेलं असू शकतं, म्हणून ‘थंडीत सगळे मासे खोल जातात’ हे डोळे झाकून धरू नका. नकाशावर जिथे उथळ पाणी एकदम खोल होतं ती कड बघा, पाण्याखालचे उंचवटे बघा, अजून हिरवं असलेलं शेवाळ-पाणवनस्पती बघा, कारण बारीक मासे तिथे आणि त्यांच्या मागे मोठे तिथे. आणि बर्फात पाडलेल्या एकाच भोकाशी दिवसभर बसू नका! पंधरा-वीस मिनिटांत काही नाही तर उठा, कडेच्या थोडं आत, थोडं बाहेर असं सरकत जा. वॉलआय असेल तर पहाट आणि संध्याकाळ, कारण त्याचे डोळे अंधुक उजेडासाठीच बनलेत, पर्च भर दिवसा लागतो.

प्रश्न: फिश फाइंडरवर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) मासा आमिषाशी आलेला दिसतो, पण दोरीला झटकाच जाणवत नाही आणि वर घेतलं तर आमिष गायब. काय चुकतंय?

तुम्ही झटक्याची वाट बघताय, थंडीत तो बऱ्याचदा येतच नाही. मासा आमिष पाण्यासकट हलकेच तोंडात ओढतो, नको वाटलं तर थुंकतो, हे सगळं दोनेक सेकंदांत. रॉडच्या टोकाला मऊ स्प्रिंग लावा आणि तिच्यावरची नजर काढू नका. जिगच्या (वजनदार डोक्याच्या गळाच्या) वजनाने ती थोडी वाकलेली असते. पर्च बरेचदा खालून येऊन जिग तोंडात धरून वर उचलतो, तेव्हा स्प्रिंग खाली जात नाही, उलट सरळ होते, दोरी सैल पडते. त्याच क्षणी मनगटाने उचला.

दोरी पातळ घ्या, जिग टंगस्टनचा घ्या, कारण शिशापेक्षा तो बराच जड, म्हणजे तेवढ्याच वजनाला आकाराने लहान आणि दोरी ताठ ठेवणारा. हलवायचं ते अगदी थोडं आणि मग थांबायचं, चावा बहुतेक त्या थांबण्यातच येतो. मासा आमिषाकडे येताना दिसला तर आमिष सावकाश वर न्या, खाली सोडू नका.

प्रश्न: बर्फ किती जाड असला की चालायला सुरक्षित? कोणी म्हणतं १० सेंटिमीटर, कोणी म्हणतं ३०.

दोघंही बरोबर आहेत, ते वेगवेगळ्या वजनांबद्दल बोलतायत. नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ असेल तर एका माणसाला चालायला किमान १० सेंटिमीटर, स्नोमोबाइलला (बर्फावर चालणाऱ्या स्कूटरला) १५ ते १८, गाडीला ३० च्या आसपास. पांढरा, वरून पडलेला हिम भिजून गोठून झालेला बर्फ निम्म्याच ताकदीचा धरा, म्हणजे आकडे दुप्पट करा. वसंताकडे झुकलेला, उन्हाने भुसभुशीत झालेला बर्फ जाड असला तरी मी त्यावर जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

पण मोठ्या तलावावर फक्त जाडी मोजून भागत नाही. एक तर तो उशिरा गोठतो, बैकल १,६४२ मीटर खोल आहे, सायबेरियातला असूनही पूर्ण गोठायला जानेवारी उजाडतो. दुसरं, तो सगळीकडे सारखा गोठत नाही: नदी येऊन मिळते तिथे, झऱ्यांवर, दोन बर्फाचे पट्टे एकमेकांवर चढून उंच कड तयार होते तिथे शंभर पावलांवर चित्र बदलतं. म्हणून लोखंडी पहार पुढे आपटत चाला, दर चाळीस-पन्नास मीटरवर भोक पाडून मोजा. आणि तिसरं, ज्याचा लोक विचारच करत नाहीत, ते म्हणजे वारा. फेब्रुवारी २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ईरी तलावावर बर्फाचा भलामोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि वाऱ्याने आत वाहत गेला, त्यावर शंभराहून जास्त मासेमारी करणारे अडकले, त्यांना हेलिकॉप्टर आणि बोटींनी काढावं लागलं, एक जण दगावला. त्यामुळे किनाऱ्याकडून आत वाहणारा जोराचा वारा सांगितला असेल तर जाडी कितीही असो, त्या दिवशी बेत रद्द.

बर्फ फुटून पाण्यात पडलातच तर थंडीचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे, कॅनडातल्या मॅनिटोबा युनिव्हर्सिटीचे गॉर्डन गीसब्रेख्ट सांगतात ते १-१०-१ ध्यानात ठेवा: पहिलं १ मिनिट फक्त श्वास आवरायचा, मग हातपाय नीट चालतात अशी साधारण १० मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे १ तास. आलात त्याच दिशेला वळा, कारण त्या बर्फाने तुमचं वजन पेललं होतं, पाय मागे जोरात मारत पोटावर सरका, बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत दूर जा. गळ्यात बर्फात रोवायचे दोन टोकदार खिळे अडकवलेले हवेतच, ओल्या हातांना गुळगुळीत कडेवर दुसरं काही धरायला मिळत नाही. आणि एकट्याने जायचं नाही.

प्रश्न: खोलातून काढलेला लहान पर्च सोडला तर पोट वर करून तरंगत राहिला. असं का?

१० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, २० मीटरवर तिप्पट. मासा भराभर वर आला की पोटातली हवेची पिशवी त्याच प्रमाणात फुगते. ट्राउट तोंडावाटे हवा सोडू शकतो, पर्च, वॉलआय, बरबॉट यांना ते जमत नाही, त्यांची हवा रक्तावाटे हळूहळूच कमी होते, म्हणून तो खाली जाऊच शकत नाही. सावकाश वर ओढून फारसा फरक पडत नाही, तेवढा वेळच पुरत नाही. सोडून द्यायचे असतील तर १० मीटरपेक्षा खोल गळ टाकूच नका, आणि खोलातलेच हवे असतील तर खाण्यापुरते धरून थांबा. शिवाय कडाक्याच्या थंडीत मासा फोटोसाठी बर्फावर ठेवू नका, कल्ले आणि डोळे बघता बघता गोठतात. गळ पाण्यातच सोडवा.

प्रश्न: तंबूत गॅसचा हीटर चालेल का?

चालेल, पण तंबूला खाली आणि वर अशा दोन उघड्या फटी हव्यात, आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. या वायूला वास नसतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा नुसती झोप यायला लागली तरी आधी बाहेर या, हीटर नंतर बंद करा.