कार्डावरचा राजपुत्र कोणता? चेहऱ्याआधी पुठ्ठा आणि गणवेश पाहा

पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या फोटोचं, गडद गणवेशातल्या तरुणाचं तुमचं कार्ड ‘नेपोलियन दुसरा’ म्हणून विकलं गेलं असं तुम्ही लिहिलंय, पण ते शक्यच नाही. नेपोलियन बोनापार्टचा हा मुलगा १८३२ मध्ये व्हिएन्नात क्षयाने गेला आणि छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली १८३९ मध्ये. तुमच्या वर्णनावरून हा फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनचा मुलगा लुई, म्हणजे प्रिन्स इम्पीरियल असावा. जन्म १६ मार्च १८५६, १८७० पासून इंग्लंडात आश्रयाला, १ जून १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये ब्रिटिश सैन्यासोबत टेहळणीवर असताना झुलूंच्या हल्ल्यात मृत्यू. वय अवघं २३.

आधी पुठ्ठा मोजा. साधारण ६४ × १०० मिमी असेल तर कार्त-द-व्हिझीत (व्हिजिटिंग कार्डाएवढा फोटो), १०८ × १६५ असेल तर त्याहून मोठं कॅबिनेट कार्ड. भिंगाखाली नियमित ठिपके दिसले तर ती नंतरची छपाई, मूळ अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचा फोटो) नव्हे. पुठ्ठ्यावरून प्रिंट कधी निघाली ते कळतं, राजपुत्र कॅमेऱ्यासमोर कधी बसला ते नाही. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून नव्या प्रती काढणं अगदी सर्रास चाले.

मग गणवेश. इथेच बहुतेक जण फसतात. त्या काळी फोटोसाठी वापरल्या जाणाऱ्या कलोडियन या रसायनाचा लेप दिलेल्या काचेला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तोफखान्याच्या गडद निळ्या कोटाची लाल कॉलर फोटोत काळपट येते आणि फिकट निळा रंग पांढुरका. बालपणीच्या चित्रांत लिजन ऑफ ऑनर या फ्रेंच सन्मानाचा लाल पट्टाही असाच काळा दिसतो. त्याला निळा समजून भलत्याच सन्मानाचं नाव देऊ नका. ब्रिटिश गणवेश असेल तर फोटो १८७२ च्या अखेरीस तो लंडनजवळच्या वुलिचच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत दाखल झाल्यानंतरचा.

चेहरा ताडायला राजपुत्राचा पुतळाही आहे: फ्रेंच शिल्पकार कार्पोने १८६५ मध्ये घडवलेला, नीरो कुत्र्यासोबतचा संगमरवरी पुतळा पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. साधे कपडे, एकही पदक नाही. सगळ्या दरबारी चित्रांपेक्षा हा मुलगा जास्त जिवंत वाटतो. १८७० मध्ये तिसऱ्या नेपोलियनचं साम्राज्य गेल्यावर पुतळ्याच्या लहान प्रती राजपुत्राचं नाव गाळून ‘मुलगा आणि कुत्रा’ अशा नावाने निघाल्या. त्यामुळे प्रतीवर नाव नसलं म्हणून ती खोटी ठरवू नका.

मृत्यूची चित्रं मात्र व्यक्तिचित्रं मानू नयेत. वाचलेले सोबती घोड्यांवरून निघून गेले होते. खोगिराचा पट्टा तुटल्याने तो पायीच लढला आणि जखमा पुढून झाल्या, एवढं नक्की. पॉल जामेंचं १८८२ चं चित्रही तीन वर्षांनंतर कल्पनेनेच रंगवलेलं.

कार्डाच्या मागच्या बाजूचा, स्टुडिओचं नाव वाचता येईल असा फोटो टाका.